शिवणबाईंचा डोळा

बुबुळकाकांचं काम असं, की ते चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातच येऊ नये. सुताराची खुर्ची जमली की बसणारा तिच्या हातावर हात फिरवतो. गवंड्याची भिंत ओळंब्यात आली की शेजारचा थांबून विचारतो, कुणी बांधली हो? काकांचं सगळं उलटं. त्यांनी केलेला डोळा घालून माणूस भर बाजारातून फिरून आला आणि एकानंही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही, तर काम फत्ते. कुणी वळून पाहू नये म्हणून या माणसानं निम्मं आयुष्य जीव ओतला होता. आता असा धंदा करणाऱ्याला कौतुकाची भूक किती लागत असेल, याचा विचार त्यांच्या बायकोनं केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांनी स्वतःही केला नव्हता.

काका खोटे डोळे करायचे. आजारानं, अपघातानं, भांडणातल्या दगडानं ज्याचा डोळा गेला तो त्यांच्याकडे यायचा. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. एक मोठी खिडकी, तिच्यापाशी समोरासमोर दोन खुर्च्या, इतक्या जवळ की बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागावेत. कोपऱ्यात चकाकी आणायचं फिरतं चाक, त्याच्याखाली पांढरा भुसा. भिंतीला खणांचं कपाट आणि त्या खणांत कापसावर झोपलेली बुबुळं. घारी, काळी, मधाच्या रंगाची. नवीन माणूस आत आला की पहिल्यांदा तिकडे बघायचा आणि मग दाराकडे. काका म्हणायचे, "घाबरू नका, ती काही बघत नाहीत. बघणारा इथं मी एकटाच आहे."

समोरच्याचा चांगला डोळा पाहून त्याचा जोडीदार रंगवायचा, हे खरं काम. चार केसांचा कुंचला, रंगाचा एक पापुद्रा वाळला की त्यावर दुसरा. पांढऱ्या भागात शिरा दिसाव्यात म्हणून तांबडं रेशीम विंचरून त्याचे तंतू एकेक करून चिकटवायचे. रात्री नीट झोपणाऱ्याला कमी, रडक्याला जास्त. हे सगळं चालू असताना गिऱ्हाइकानं हलता कामा नये. काकांच्या कानामागे भिंतीवर एक काळा ठिपका काढलेला होता, त्याच्याकडे टक लावून बसायचं. पण माणूस नुसता किती वेळ बसणार? म्हणून काका बोलत राहायचे. पावसापाण्याचं, स्वतःच्या फजितीचं, काहीही. तोंडाचा पट्टा असा चालू, की गिऱ्हाइकाचं अंग सैल व्हायचं आणि मग हळूहळू तेही बोलायला लागायचं. साहजिकच होतं ते. एवढ्या जवळून, एवढा वेळ माणसाच्या डोळ्यात दुसरं कोण बघतं? लग्नाचा जोडीदारसुद्धा बघत नाही. लोक असं काही सांगून जायचे, की उठल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटावं.

काकांना ज्या म्हाताऱ्या उस्तादानं काम शिकवलं, त्यानं पहिल्याच आठवड्यात हातात झाडू दिला होता आणि बजावलं होतं, की खुर्चीखाली पडलेला भुसा आणि खुर्चीत सांगितलेली गोष्ट, दोन्ही संध्याकाळी झाडून टाकायचं, यातलं काही चपलेला लागून घरी जाता कामा नये. काकांनी ते पाळलं. तसे ते बोलघेवडे, बायको तर म्हणायची की यांच्या तोंडाला झाकणच बसवलेलं नाही. पण दुकानातली गोष्ट तिलाही कधी कळली नाही. या एका गोष्टीचा काकांना मनातून अभिमान होता. फार होता.

मग भाची राहायला आली.

भाची म्हणजे बहिणीची मुलगी. दिवसभर छापखान्यात औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं जुळवायची, आणि आल्यावर पाटीएवढ्या पडद्यावर चित्रं काढत बसायची. ती चित्रं ती विकतेही, हे मामाला एका रविवारी चहाच्या वेळी कळलं. ब्लॉकचेन म्हणून एक प्रकार आहे, तिनं सांगितलं. जगभरच्या संगणकांची साखळी. चित्र त्या साखळीवर चढवलं की ते कुणी काढलं आणि आज कुणाच्या मालकीचं आहे, याची नोंद सगळीकडे एकदमच होते. ती कुणाला खोडता येत नाही, बदलता येत नाही. नकला कितीही होऊ देत, खरा धनी एकच.

"आणि विकत घेणारा घरी काय नेतो?" काकांनी विचारलं.

"घरी काहीच नेत नाही, मामा."

"मग तो खुळा आहे की तू लबाड?"

भाचीनं बशी खाली ठेवली. म्हणाली, "तुम्ही केलेला डोळा गिऱ्हाइकाच्या खाचेत जातो. तो तुम्ही केलाय हे त्यानं कुणाला सांगायचंही नाही. तुमच्याकडे काय राहतं?"

ती थट्टेत बोलली होती. पण काकांना ते असं लागलं, की चहा तसाच गार झाला.

राहत काहीच नव्हतं असं नाही. एका डोळ्यासाठी काका बुबुळाच्या दोनतीन चकत्या रंगवायचे. जमलेली जायची, बाकीच्या खणात पडायच्या. भाचीनं त्यातल्या काही चकत्यांचे भिंगाखालून फोटो काढले. पडद्यावर बुबुळ ताटाएवढं झालं तेव्हा काका त्याला नाक लावून बघू लागले. आपण हे केलं? हे रंगांचे ओघळ, ही जळमटासारखी जाळी, ही कडेची सावली? आजवर ते कुणालाच, त्यांनासुद्धा, एवढं दिसलं नव्हतं.

साखळीवरची ती मंडळी काही वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं जे झालं त्याचा ठपका त्यांच्यावर ठेवण्यात अर्थ नाही. दर शनिवारी दुपारी ते सगळे आपापल्या घरून पडद्यावर एकत्र जमायचे. त्यात एक गोंदवणारी होती, एक फरशांच्या नक्ष्या काढणारा होता, एक सेवानिवृत्त नकाशेवाला होता जो नसलेल्या बेटांचे नकाशे काढायचा. नवा कुणी आला की जुने त्याला हाताला धरून सगळं शिकवायचे, वॉलेट म्हणजे साखळीवरचं पैशाचं पाकीट कसं उघडायचं, फसवणारे कसे ओळखायचे. नव्याचं पहिलं चित्र त्यांच्यापैकीच कुणीतरी विकत घ्यायचं, हा त्यांचा रिवाज. शिवाय तेच चित्र पुढं कुणी कुणाला विकलं तर मूळ काढणाऱ्याला त्यातला वाटा आपोआप येईल, असं त्यांनी आपसांत ठरवून घेतलेलं होतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्याची मेहेरबानी नको. ज्याच्या कामाला आजवर कुणी दार उघडलं नाही त्याला तिथं बसायला जागा मिळायची. काकांना मिळाली. फोटोतला डोळा पाहून पहिल्या शनिवारी मंडळींची प्रश्नांची सरबत्ती. भाची दोन्हीकडचं भाषांतर करून दमली.

कुणी म्हणालं, हात दाखवा. मग भाचीनं हाताचं चित्रीकरण केलं, कुंचल्याचं टोक बुबुळावर चाललेलं. कुणी म्हणालं, तुमचा आवाज छान आहे, काम करताना बोलता तसं बोला ना. आणि काका बोलले. आधी रंगांबद्दल, उस्तादाच्या शिव्यांबद्दल, एका पैलवानाचा डोळा बसवताना तो पैलवान कसा चक्कर येऊन काकांच्याच मांडीवर पडला त्याबद्दल. हसून हसून लोकांची मुरकुंडी. बोलणारे डोळे असं त्या चित्रफितींना नावच पडलं. एक संग्राहक होता, नाव न सांगणारा, नावाच्या जागी कावळ्याचं चित्र लावलेलं. तो प्रत्येक डोळ्याला पहिला हात घालायचा. काका त्याला कावळोबा म्हणायचे.

बायको म्हणाली, "हल्ली आरशात बघून भांग पाडता. आवाजाला भांग लागतो का?"

तिचं चुकलं नव्हतं. काकांना चटक लागली होती.

आता त्या शनिवारचं. त्या दिवशी काकांनी जी चकती दाखवायला घेतली ती तपकिरी होती. साधीच. पण खालच्या कडेला गंज चढल्यासारखा एक तांबूस ठिपका, तिळाएवढाही नाही. गोंदवणारीनं विचारलं, हा ठिपका का? आणि काकांनी खरं उत्तर दिलं. तो मुळात होता म्हणून. त्या बाईंच्या चांगल्या डोळ्यात तसा आहे, म्हणून जोडीदारातही काढला. मग कुणीतरी विचारलं, त्यांचा डोळा कशानं गेला?

हा प्रश्न काका स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत. विचारावाच लागतो, खाच आतून कशी असेल ते त्यावरून कळतं. त्या बाईंनी त्यांना उत्तर दिलं होतं ते भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघत. त्या शिवणकाम करायच्या. पोरगी दोन वर्षांची, मांडीवर खेळत होती, हातात कापडावर खुणा करायची पेन्सिल. बाई दोरा तोडायला खाली वाकल्या आणि पोरगी तेवढ्यात हसत वर वळली. झालं. पोरगी मोठी झाल्यावर त्यांनी तिला सांगितलं, की तू व्हायच्या आधीच तापात माझा डोळा गेला. घरात सगळ्यांना तशी ताकीद दिली. एका डोळ्याच्या माणसाला अंतराचा अंदाज नसतो, दोरा सुईच्या बाजूनं निघून जातो. म्हणून त्या पोरीलाच हाक मारायच्या, ये ग, सुई ओवून दे. आणि ती पोर धावत यायची, आईचं काम करायला मिळालं म्हणून खूश.

काकांनी हे सगळं सांगितलं. हात चालूच होता. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. सांगून झालं तेव्हा पलीकडे नकाशेवाल्यानं नाक शिंकरलं. कावळोबानं तिथल्या तिथं ती चित्रफीत घेतली, आवाजासकट, हातासकट. ती साखळीवर चढली.

त्या दिवशी काका चवीनं जेवले. हात धुताना त्यांना झाडू आठवला.

पाणी वाहत राहिलं आणि ते नळापाशी तसेच उभे. आपण नाव घेतलेलं नाही, त्यांनी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. खरंच काही झालेलं नसतं तेव्हा माणसाला ते स्वतःला पुन्हापुन्हा सांगावं लागत नाही. दातात कुसळ अडकावं तशी ती गोष्ट अडकून बसली. जीभ सारखी तिकडेच. कपाटाचा तो खण उघडायचा म्हटलं की काका दुसराच खण उघडायचे. एकदा त्यांनी भाचीला उगीच विचारल्यासारखं करून विचारलं, की चढवलेलं एखादं खाली उतरवता येतं का?

"नाही. तेच तर त्याचं वैशिष्ट्य. सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. काकांनी ऐकलंही होतं, पण तेव्हा ते त्यांना आपल्या फायद्याचं वाटलं होतं.

मग त्यांनी दुसरी समजूत काढली. शिवणबाईंकडे साधा बटणांचा फोन. त्यांचा त्या साखळीशी काय संबंध? जग केवढं, त्यात कोण कुणाचं ऐकतो. ही समजूत काही महिने चालली. तोवर शनिवारची बैठक त्यांनी सोडली नाही, पण बोलताना गिऱ्हाइकांच्या गोष्टी टाळू लागले. मंडळींना वाटलं, काकांची तब्येत बरी नसावी.

एका दुपारी काका चाकावर डोळा धरून बसले होते. चाकाच्या आवाजात दार वाजलेलं कळलं नाही. मान वर केली तर समोरच्या खुर्चीत एक तरुण बाई येऊन बसलेली. न विचारता, गिऱ्हाइकासारखी. काकांनी सवयीनं आधी तिचे डोळे पाहिले. दोन्ही तिचेच होते. तपकिरी. उजव्याच्या खालच्या कडेला गंजासारखा एक ठिपका.

काकांनी चाक बंद केलं.

"ओळखलंत?" ती म्हणाली. "लहानपणी आईबरोबर यायचे मी."

काकांनी ओळखलं होतं. आईचा हात धरून यायची, खणांची नावं विचारून जीव खायची. ती सांगू लागली, की आता एका कापडाच्या कंपनीत छापाच्या नक्ष्या करते, सगळं संगणकावर. त्या साखळीवरच्या मंडळींत तीही शिरली होती. अजून काही चढवलं नव्हतं, नुसती ऐकायची. बोलणाऱ्या डोळ्यांच्या जुन्या चित्रफिती एकामागून एक ऐकत होती, शिकायला मिळतं म्हणून.

"ती गोष्ट आईची आहे ना, काका?"

काकांना खोटं बोलता आलं असतं, निदान तसं वाटलं. म्हणाले, "अगं, असे ठिपके पुष्कळांना असतात. आणि मी बोलायच्या भरात मीठमसाला लावतो, तुला माहीत आहे माझं तोंड."

"मीही रंगाचंच काम करते," ती म्हणाली. मग मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. "तुम्ही एकदा मला कागद आणि पेन्सिल दिली होती, मी किरकिर करत होते म्हणून. आईनं पेन्सिल काढून घेतली आणि पर्समधला खडू दिला. आमच्या घरात पेन्सिल कधी नव्हतीच. शाळेतून आणली तर दारातच ठेवून यायची. मला वाटायचं आईला पेन्सिलीचा वास आवडत नाही. तसंच सांगितलं होतं तिनं."

पोरगी रडत नव्हती, ओरडत नव्हती. त्यानं जास्तच वाईट वाटत होतं. ओरडली असती तर निदान मान खाली घालून ऐकता आलं असतं.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. "ती गोष्ट माझी नव्हती."

"ते झालंच," ती म्हणाली. "एक विचारू? तेव्हा, त्या दिवशी, ती रागावली होती का माझ्यावर? तुम्हाला काही बोलली होती?"

काकांना आठवत होतं. बाई बोलल्या होत्या. पण त्या शनिवारी सांगताना काकांनी तेवढं गाळलं होतं, कारण गोष्ट आधीच पुरेशी रंगली होती आणि त्यांना शेवट सुईवर करायचा होता. आता सांगावं की नाही? हेही खुर्चीतलंच. पण जिचं होतं तीच समोर बसलेली.

"त्यांनी आधी तुझा तळहात उघडून बघितला," काका म्हणाले. "पेन्सिल मोडली होती, तिची किरच तुला गेली की काय म्हणून. डोळ्यातून रक्त चाललेलं, तरी हात बघत बसल्या. कुणीतरी ओढून नेलं तेव्हा गेल्या."

पोरीनं आपला उजवा तळहात उलटा केला, पाहिला, परत मिटला. बाहेर चष्म्याच्या दुकानात कुणीतरी फ्रेमचा भाव पाडून मागत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

उठताना ती म्हणाली, "आईला कळू देऊ नका."

"काय?"

"मला कळलंय ते. तिनं एवढी वर्षं झाकलं. ते फुकट गेलं असं तिला वाटायला नको. पुढच्या महिन्यात येईल ती तुमच्याकडे. तुम्ही काही बोलायचं नाही. माफीबिफी मागायची नाही तिच्याजवळ."

काकांनी मान हलवली. ती गेल्यावर ते पुन्हा चाकापाशी बसले. त्यांच्या लक्षात आलं ते असं, की शिवणबाई येतील तेव्हा पाय धरू आणि मोकळे होऊ, एवढाच एक आडोसा त्यांनी मनात राखून ठेवला होता. पोरगी तो आडोसाही काढून घेऊन गेली होती. आणि तिचं काही चुकलेलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी भाचीला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, भाषांतर मीच करत होते ना, मामा, मलाही सुचलं नाही. काका म्हणाले, तुला उस्तादानं झाडू दिला नव्हता. मग त्यांनी तिच्याकडून कावळोबाला निरोप लिहून घेतला. सांगितलं, ती गोष्ट विकायचा हक्क मला नव्हता, तुम्ही दिलेलं सगळं परत करतो, ती चित्रफीत नाहीशी करता येत असेल तर करा.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. भाचीनं आधी मनात वाचलं आणि मग वाचून दाखवलं. कावळोबानं लिहिलं होतं, परत काही नको. मी ती जाळतो आहे. माझाही एक डोळा तुमच्यासारख्याच कुणा कारागिरानं केलेला आहे, म्हणून तुमचे डोळे मी गोळा करत होतो. त्याच्या खुर्चीत बसून मीही बरंच काही बोललो होतो. त्यानं ते कुणाला सांगितलं असेल का, हे आजवर माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आता येतं.

त्यापुढं एकच ओळ होती. तुमचं काम अजूनही चांगलंच आहे. ती ओळ काकांना सगळ्यांत जड गेली.

जाळणं म्हणजे काय, ते भाचीनं समजावलं. चित्र अशा पत्त्यावर पाठवून द्यायचं, जिथून ते कुणालाच पुन्हा बाहेर काढता येत नाही. पण साखळीवर राख दिसत राहते. अमक्यानं केलं होतं, तमक्यानं जाळलं, हे तिथं कायम. आणि ज्यांनी मधल्या काळात आवाज उतरवून घेतला असेल त्यांच्याकडे तो राहणार. काकांनी विचारलं, किती जणांकडे? ते कळायला काही मार्ग नाही, ती म्हणाली.

त्यानंतर काकांनी ते सगळं सोडून दिलं असं जर कुणाला वाटत असेल तर ते तसं नाही. शनिवारी ते अजून जातात. नवीन आलेल्याला भाचीच्या आधी तेच सांगतात, की इथं चढवण्याआधी हे आपलं आहे का ते बघ, काढलंय कुणी ते नंतर. डोळेही चढवतात. पण गिऱ्हाइकाच्या चकत्या खणातच राहतात, कपाटाला त्यांनी कडी बसवून घेतली. साखळीवर जातात ते कुणाचेच नसलेले डोळे, मनानं रंगवलेले. निम्मं आयुष्य समोर बघून रंगवलेल्या माणसाला मनानं काढायला बसल्यावर घाम फुटला. पहिले काही तर मेलेल्या माशासारखे झाले. ते आता कमीच लोक घेतात, आणि त्यांत आवाज नसतो. बायको म्हणते, घरात एकाएकी एवढी शांतता, मला वाटलं माझेच कान गेले.

पुढच्या महिन्यात शिवणबाई आल्या. वर्षातून एकदा डोळ्याला चकाकी आणून घ्यावी लागते, त्यासाठी. केस आणखी पांढरे झाले होते, पण बसणं तसंच ताठ. त्यांनी सवयीनं डोळा काढून काकांच्या तळहातावर ठेवला आणि खाचेवर रुमाल धरून बसल्या. काकांनी तो पाण्यानं धुतला. हातात तो डोळा, त्यातला तो ठिपका. चाक सुरू केलं.

नेहमी इथून काकांची बडबड सुरू व्हायची. आज चाकाचाच आवाज.

"काय हो," बाई म्हणाल्या, "आज तोंडात टाचण्या धरल्यात की काय? आम्ही कापायला बसलो की असे गप्प असतो."

काका कसंनुसं हसले. सगळं तोंडाशी आलं होतं. एक वाक्य, फार तर दोन. बोलून टाकलं असतं तर बाईंनी शिव्या दिल्या असत्या, कदाचित पुन्हा कधी इथं पाऊल टाकलं नसतं, पण छातीवरचं उतरलं असतं. ते चाकाकडे बघत राहिले. उतरायचं होतं ते त्यांचं. भोगावं लागलं असतं ते त्या दोघींना.

बाईच मग बोलत राहिल्या. पोरीचं सांगू लागल्या. कामात एवढी बुडालेली असते, पण हल्ली रोज संध्याकाळी वाट वाकडी करून घरी येते. आली की सुयांची डबी घेऊन बसते. पांढऱ्या, काळ्या, तांबड्या दोऱ्यानं असतील नसतील तेवढ्या सगळ्या सुया ओवून ठेवते, लांब लांब दोरे सोडून, आणि सुयांच्या उशीत टोचून जाते.

"मी म्हटलं, अगं पुरे, मी काय सगळ्या गावाचं शिवणार आहे? तर म्हणते, राहू दे, मला आवडतं." बाई हसल्या. "काय खूळ शिरलंय कळत नाही."

काकांनी चाक थांबवलं. डोळा रुमालानं पुसला, परत पुसला.

"तिला ते कधी कळायचं नाही हं," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुमच्याजवळ बोलले म्हणून मला कधी धास्ती वाटली नाही. दुसऱ्या कुणाजवळ बोललेच नसते."

"हं," काका म्हणाले.

त्यांनी पापणी वर उचलली, डोळा आत सरकवला, बोटानं जरा फिरवून बसवला. मग नेहमीसारखे समोर बसले, गुडघ्याला गुडघा लावून, आणि म्हणाले, इकडे बघा, ठिपक्याकडे. बाईंनी मात्र भिंतीवरच्या ठिपक्याकडे न बघता सरळ त्यांच्याकडेच बघितलं. दोन्ही डोळे सारखे, कुणाच्या बापाला फरक कळला नसता. एकाला दिसत होतं, एकाला नव्हतं.

काकांनी ज्याला दिसत नव्हतं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान बसलाय."